बुटातल्या चकतीत शिसे आहे

मा. संपादक,
स. न.

विज्ञान प्रदर्शनांच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात तेव्हा मी पहिल्यांदा त्याच वाचते. 29 वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले, आणि निवृत्त झाल्यावरही शाळा परीक्षक म्हणून आठवणीने बोलावतात. यंदा फोंडा तालुक्यातल्या एका प्रदर्शनात नववीतल्या एका मुलाने 'वीज तयार करणारा बूट' मांडला होता. टाचेखाली पितळी पत्र्यावरच्या सात पीझो चकत्या, म्हणजे दाबल्यावर वीज देणाऱ्या. पाऊल दाबले की एलईडी क्षणभर लुकलुकायचा. एक चकती तडकली होती, म्हणून तो ब्लेडने तिच्यावरचा पांढरा थर खरवडत बसला होता. भुगा वहीवर पडला, तो त्याने फुंकर मारून उडवला आणि मला विचारले, "टीचर, ही धवी (पांढरी) चकती कसली?"

त्याला तिथे अर्धेच उत्तर देता आले, घंटा झाली. पुरे उत्तर इथे लिहिते, कारण असे बूट आणि अशा पायऱ्या दरवर्षी दहा ठिकाणी दिसतात आणि आपण टाळ्या वाजवतो.

ती चकती बहुधा लेड झिर्कोनेट टायटनेटची, म्हणजे पीझेडटीची असते. तिच्या वजनात 60 टक्क्यांहून अधिक शिसे असते. चकतीला बोट लावल्याने काही होत नाही, शिसे त्या पदार्थात घट्ट बांधलेले असते. पण खरवडली, कानशीने घासली, भुगा नाकातोंडात गेला, की गोष्ट वेगळी. मुलांच्या रक्तात शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. तशी सुरक्षित पातळी सापडलेलीच नाही. युरोपने 2006 सालापासून विजेच्या उपकरणांतले शिसे 0.1 टक्क्यावर आणले, पण पीझो सिरॅमिकला त्यातून सूट दिली. आपल्या ई-कचरा नियमांतही ती सूट आहे. सूट देण्यामागचे कारण खरे आहे: सोनोग्राफीचा प्रोब असो की मालीमच्या जेटीवरच्या ट्रॉलरचा मासे शोधणारा सोनार, पीझेडटीच्या तोडीचा पदार्थ सगळीकडे चालेल असा अजून मिळालेला नाही.

तो का मिळत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण "शिसे काढा, दुसरे काही घाला" असे सहज म्हणतो. 1880 मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी क्वार्ट्झ, टूर्मलिन अशा स्फटिकांवर दाब देऊन विद्युतभार मोजला, तेव्हा शिशाचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटनेट आले, तेही शिशाविना. त्याच्या स्फटिकात ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात टायटॅनियमचा अणू मधोमध न बसता एका बाजूला सरकतो, म्हणून एक टोक धन, एक ऋण. पण भट्टीतून निघालेल्या चकतीत असे लाखो भाग वाट्टेल त्या दिशांना तोंड करून असतात, प्रार्थनेआधी मैदानावर पसरलेल्या मुलांसारखे. गरम तेलात ठेवून मोठे व्होल्टेज दिले की "सावधान" म्हटल्यासारखी बरीचशी तोंडे एकीकडे वळतात आणि तशीच राहतात. याला पोलिंग म्हणतात. बेरियम टायटनेट 120 अंशांच्या आसपास तापले की ही शिस्त मोडते.

1950 च्या दशकात पीझेडटी आले आणि बाकीचे मागे पडले. झिर्कोनियम आणि टायटॅनियम साधारण 52 ला 48 या प्रमाणात घेतले, की पदार्थ दोन स्फटिकरचनांच्या उंबरठ्यावर उभा असतो. दोन वर्गांच्या मधल्या दारात उभे असलेले मूल जरा ढकलले तरी इकडे किंवा तिकडे जाते, तशी त्याच्या ध्रुवणाची, म्हणजे धन-ऋण टोकांची, दिशा थोड्या दाबाने फिरते. पीझेडटीचे मोठेपण असे, की तापमान बदलले तरी हा उंबरठा जवळजवळ जागचा हलत नाही.

पोटॅशियम सोडियम नायोबेट हा शिसेविरहित पदार्थांतला सर्वांत आशेचा. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी त्यात लिथियम, टँटलम, अँटिमनी मिसळून आणि कण एका दिशेने लावून 416 पिकोकूलोम प्रति न्यूटन इतका गुणांक (ठरावीक दाबाला किती विद्युतभार मिळतो, तो आकडा) मिळवला, पीझेडटीच्या बरोबरीचा. सगळीकडे आनंद झाला. पण यात उंबरठा तापमानाबरोबर सरकतो. खोलीतल्या तापमानाला मिळालेला आकडा उन्हात किंवा इंजिनाजवळ तसाच राहील असे नाही. म्हणून एका आकड्यावर हे पदार्थ पास-नापास करू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

हे मत पुस्तकातून आलेले नाही. माझ्या भाचीने एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हाच पदार्थ घेतला होता, आणि तोही ऐन जुलैत. त्याच्या कच्च्या मालातले पोटॅशियम कार्बोनेट हवेतले पाणी शोषते. गोव्याच्या पावसाळ्यात तराजूवर ठेवल्याठेवल्या त्याचे वजन वाढत जाई. पहिल्या खेपेच्या पेलेट (पावडर दाबून भाजलेल्या चकत्या) आठवड्याभरात भुसभुशीत होऊन फुटल्या. मग ती पावडर 200 अंशांच्या ओव्हनमधून काढून गरम असतानाच तोलू लागली. भट्टीत पोटॅशियम उडून जाते, म्हणून झाकणबंद मुशीत त्याच पावडरीत पेलेट पुरून भाजल्या. शेवटी गुणांक आला 78. मार्गदर्शकांनी वहीवर "कमी" असा शेरा मारला आणि पोर रडकुंडीला येऊन माझ्याकडे कवळ्याला आली.

आम्ही ओसरीवर बसून हिशेब केला. दाबल्यावर किती व्होल्टेज मिळते, ते या गुणांकाला पदार्थाच्या परावैद्युत स्थिरांकाने (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेच्या आकड्याने) भागल्यावर कळते. तिच्या पदार्थाचा स्थिरांक 300 च्या आत होता, नेहमीच्या पीझेडटीचा 1700 किंवा त्याहून बराच जास्त असतो. म्हणजे तेवढ्याच जाडीच्या पेलेटवर तेवढाच दाब दिला, तर तिच्या "कमी" पेलेटचे व्होल्टेज पीझेडटीपेक्षा थोडे जास्तच! ऊर्जा मात्र कमी मिळते, हेही मी तिला सांगितले. ठोका ओळखणाऱ्या सेन्सरला ती पेलेट चालेल, सोनोग्राफीला चालणार नाही. काम कोणते ते आधी ठरवावे आणि मग पदार्थाला गुण द्यावेत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नायोबियम बहुतांशी ब्राझीलच्या खाणींतून येते. खाणीची किंमत काय असते ते आपल्या खाणपट्ट्यातल्या डिचोली-सांग्याच्या लोकांना कोणी शिकवायला नको. शिसे काढले म्हणजे सगळे निर्मळ झाले, असे मुलांना सांगू नये.

शिक्षण खात्याने आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांनी एवढे करावे, ही माझी कळकळीची विनंती. पीझो चकती वापरायची असेल तर ती अखंड वापरावी. घासू, कापू, फोडू नये. तुटलेली चकती आणि ठिणगीसाठी असाच पीझो पदार्थ असलेला जुना गॅस लायटर ई-कचऱ्यातच जावा. प्रकल्पाच्या तक्त्यावर 'चकतीत शिसे आहे' हे मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे. "बुटाने मोबाइल चार्ज होतो" हे वाक्यही थांबावे. चार्जरला काही वॉट लागतात, असा बूट मिलिवॉटमध्ये देतो. मुलाला खरा आकडा मोजू द्या, त्याला तो जास्त आवडेल.

आणि चकतीशिवाय पीझो दाखवायचे तर रोशेल मीठ (सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट, यात शिसे नाही) आहे. क्युरी बंधूंनी तपासलेल्या पदार्थांत तेही होते. उच्च माध्यमिकच्या रसायन प्रयोगशाळेत फेलिंगच्या द्रावणासाठी ते ठेवलेलेच असते. गरम पाण्यात भरपूर विरघळवून, गाळून, झाकून हलवाहलव न करता ठेवले की काही दिवसांत स्फटिक धरतो. योग्य बाजूंना फॉइल लावून पेन्सिलीने हलकेच ठोकले की मल्टीमीटर हलतो. पावसाळ्यात त्याला पाणी सुटते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीच बरा. माझ्या कपाटात अंगठ्याएवढे दोन स्फटिक डब्यात बंद आहेत. त्या मुलाच्या शाळेने बोलावले तर पुढच्या शनिवारी ते घेऊन मी येईन, त्याचे अर्धे उत्तर तसेच राहिले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कवळे, फोंडा