वायरमनच्या उजळणी वर्गात मोजणी शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण झाला, परवाना हाती आला, की पुढे नियमांचे पुस्तक बहुधा उघडले जात नाही. नियम मात्र बदलत राहिले. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी घेतली आणि २०२३ मध्ये तेही नव्याने आले. अर्थिंगची आयएस (भारतीय मानक) ३०४३ ही संहिता २०१८ मध्ये, तर वायरिंगची आयएस ७३२ ही २०१९ मध्ये सुधारली गेली. त्यामुळे उजळणी वर्ग हवेतच. पण कलमे वाचून दाखवायची आणि प्रमाणपत्र वाटायचे, अशा वर्गांनी कुणाचा जीव वाचणार नाही. वायरमनला मोजायला शिकवले पाहिजे.

अर्थिंगचेच पाहा. ‘खड्डा केलाय, अर्थिंग आहे’ एवढ्यावर काम संपते. आपल्याकडे मुरूम आणि काळ्या खडकाच्या जमिनीत एप्रिल-मे महिन्यांत खड्डा कोरडा पडला की त्याचा रोध सहज वाढतो. तो २० ओहम आहे असे धरू. ग्राहकाची अर्थिंग फक्त त्या खड्ड्यावर असेल आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्याला फेज (वीज आणणारी तार) टेकली, तर २३० भागिले २०, म्हणजे जेमतेम साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला वीज तोडणारा स्विच, तेवढा प्रवाह तासन्‌तास वाहू देतो आणि तोवर पत्र्यावर जवळजवळ पूर्ण दाब असतो. खड्डा ५ ओहमचा असला तरी प्रवाह ४६ अँपिअरच होतो. ‘सी’ प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला, म्हणजे वीज तोडायला, ८० ते १६० अँपिअर लागतात, म्हणून इथे तो काही सेकंद घेतो. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात फरक पडला, म्हणजे गळती झाली, की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र दोन्ही वेळा क्षणात पडते. हे गणित फळ्यावर एकदा स्वतः केलेला वायरमन ‘एमसीबी आहे, पुरे’ असे पुन्हा म्हणणार नाही.

तरीही बसवलेली आरसीसीबी पुढे ‘सारखी पडते’ म्हणून काढून टाकली जाते. दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो. फेज आरसीसीबीतून घेतलेली आणि न्यूट्रल (परतीची तार) दुसऱ्याच सर्किटचा, हे इन्व्हर्टर नंतर बसवलेल्या घरांत फार दिसते. प्रत्येक आरसीसीबीला तिची स्वतंत्र न्यूट्रल पट्टी हवी. दुसरे कारण म्हणजे एखाद्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेले असणे. ते शोधायचे तर मेन बंद करून, उपकरणे काढून, सगळे न्यूट्रल पट्टीपासून सोडवावेत आणि एकेक न्यूट्रल अर्थच्या विरुद्ध मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासावा. ज्याचा आकडा शून्याजवळ, ते सर्किट दोषी. संगणक, वॉशिंग मशीन आणि गिझर एकाच आरसीसीबीवर असतील तर थोडी थोडी गळती मिळून ती पडू शकते. अशा वेळी भार दोन आरसीसीबींवर विभागावा. आरसीसीबी जादा भारापासून संरक्षण देत नाही, म्हणून एमसीबी लागतोच. आणि तिचे टेस्ट बटण दाबल्याने फक्त यंत्रणा हलते एवढेच कळते, अर्थिंग ठीक आहे की नाही ते कळत नाही.

दोन दिवसांचा वर्ग पुरेसा आहे. चौघांमागे एक शिकाऊ बोर्ड असावा: दोन पोलचा आयसोलेटर (मुख्य स्विच), ४० अँपिअर/३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, ६, १६ आणि २० अँपिअरचे एमसीबी, आणि मुद्दाम घातलेले दोष. आधी वीज बंद ठेवून अर्थची तार शेवटच्या सॉकेटपर्यंत अखंड आहे का ते पाहायचे. मग ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन तपासायचे. आकडा १ मेगओहमच्या खाली नको. एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर त्याआधी काढून ठेवावेत, नाहीतर आकडा फसवा येतो किंवा ती उपकरणेच जळतात. वीज चालू केल्यावर फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना ते पाहून, शेवटी आरसीसीबी टेस्टरने तिची पडण्याची वेळ मोजायची. १५ मिलिअँपिअरला ती पडू नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांत पडावी, १५० ला ४० मिलिसेकंदांत.

परीक्षा मराठीत आणि पुस्तक उघडे ठेवून घ्यावी. ब्रिटनमध्ये वायरिंग नियमांची परीक्षा अशीच होते, कारण जागेवर तक्ता शोधता येणे हे पाठांतरापेक्षा उपयोगाचे असते. रोजंदारी बुडू नये म्हणून आयटीआयच्या कार्यशाळा सुटीच्या दिवशी यासाठी खुल्या कराव्यात.

राज्याच्या ऊर्जा विभागाने वायरमन परवान्याच्या नूतनीकरणाला या वर्गाचा दाखला जोडावा आणि नव्या वायरिंगसोबत मोजमापांचा सही केलेला तक्ता ग्राहकाला देणे ठेकेदाराला बंधनकारक करावे.

कळावे,
एक विद्युत पर्यवेक्षक, सांगली