दुधाच्या वहीचं पान: शेजारच्या वहिनींचे जाहीर आभार

प्रिय वहिनी,

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

प्रोजेक्टला मी नाथसागर, म्हणजे आपलं जायकवाडी धरण, घेतला होता. पैठणच्या पोराने दुसरं काय घ्यावं! वरच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून सोडलेलं पाणी (विसर्ग), पाऊस आणि आजचा साठा द्यायचा, दहा दिवसांनंतरचा साठा न्यूरल नेटवर्कने, म्हणजे आकड्यांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामने, सांगायचा. पहिल्याच फेरीत त्याने धरण ११२ टक्के भरलं, आणि मे महिन्यात उणे ७ वर नेलं. मग मी शेवटच्या थरात कात्री चालवली. शून्याखाली गेलं की शून्य, शंभराच्या वर गेलं की शंभर. झालं काम, असं मला वाटलं.

नाथषष्ठीच्या आधीची ती दुपार. तुमची मीटिंग नुकतीच संपली होती आणि ओट्यावर तुम्ही माझा कोड वर-खाली करत होतात. पहिला प्रश्न कोडचा नव्हताच. "उणे कामून कापलास रे? उन्हाळ्यात पेपरात मृतसाठा म्हणून छापतात, तो काय असतो?"

मी गप्प. मृतसाठा म्हणजे धरणाच्या तळाचं, एरवी न वापरायचं पाणी; साठा त्यात उतरला की टक्केवारी उणे छापतात. २०१९ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि तेच आकडे मी चूक समजून शून्य करत होतो. ११२ चुकीचं होतं, पण उणे ७ खरं असू शकत होतं! मग तुम्ही मापच बदलायला लावलं. जिवंत साठ्याची टक्केवारी सोडायची आणि एकूण २९०९ दलघमीतला (दशलक्ष घनमीटर) किती भाग भरलाय ते धरायचं. त्यात ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे जिवंत साठा संपला तरी आकडा ०.२५ च्या आसपास. आता ० आणि १ या खऱ्याच हद्दी झाल्या. धरण त्याखालीही जात नाही आणि दरवाजे असल्यामुळे त्यावरही जात नाही.

कात्री मात्र तरीही चालणार नव्हती. १ च्या वर कितीही गेलं तरी उत्तर १ च येणार, तिथे उतार (आतला आकडा थोडा बदलला की उत्तर किती बदलतं ते) शून्य, मग आपण किती चुकलो हे नेटवर्कला कळणार कुठून? सिग्मॉइड, म्हणजे कुठलाही आकडा एक्स ० ते १ मध्ये आणणारं सूत्र, १ भागिले (१ अधिक ई चा उणे एक्स घात), तोही हद्दीत ठेवतो, पण हळूहळू वळवून. हे पुस्तकात मी वाचलं होतं. कळलं ओट्यावर.

सिग्मॉइड लिहायला बसलो तो पायथॉनच्या मॅथमधला एक्स्प (ई चा घात काढणारं फंक्शन) घेऊन. त्याला एकच आकडा चालतो, अख्खी ॲरे (आकड्यांचा तक्ता) दिली की टाइपएरर. मी आपला दोन फॉर लूप एकात एक घालून एकेक आकडा उचलत बसलो. तुम्ही नऊ ओळी पुसल्या आणि नमपाय लायब्ररीचा एक्स्प लावून एक ओळ लिहिली. ॲरे जशी आत गेली त्याच आकाराने बाहेर आली, प्रत्येक आकड्यावर सिग्मॉइड लागून. ते पाहून मला जरा लाजच वाटली.

पण चालवलं की ओव्हरफ्लोची, म्हणजे आकडा मावत नाही अशी, वॉर्निंग. उत्तरं तर बरोबर दिसत होती, म्हणून मी वॉर्निंग बंद करायची कमांड शोधायला लागलो. तुम्ही हात धरलात. मग आतून दुधाची वही आणलीत आणि मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलंत: एक्स उणे हजार असेल तर ई चा घात उणे एक्स म्हणजे ई चा हजारावा घात. फ्लोट-६४ ला (६४ बिटांत साठवलेल्या आकड्याला) ७०९ पर्यंतचाच घात झेपतो, फ्लोट-३२ ला ८८ पर्यंत. त्यापुढे इन्फिनिटी. एक भागिले इन्फिनिटी शून्य, म्हणून उत्तर नशिबाने बरं येतंय.

मी म्हणालो, धन आणि ऋण आकड्यांना वेगळी सूत्रं लावू, नमपायचं व्हेअर (अट पाहून दोनातलं एक निवडणारं फंक्शन) वापरून. तुम्ही म्हणालात, लाव. लावलं, तरी वॉर्निंग तशीच! व्हेअर दोन्ही बाजू आधी पूर्ण काढतो आणि मग निवडतो, हे मला माहीतच नव्हतं. यावरचा तुमचा उपाय मला अजून आवडतो. आधी एक्सचं निरपेक्ष मूल्य घ्यायचं, त्याला उणे करायचं आणि त्याचाच एक्स्प काढायचा. याला झेड म्हणू. तो कधीच एकच्या वर जात नाही, मग उतू जाणार काय? एक्स धन असेल तर एक भागिले (एक अधिक झेड), ऋण असेल तर झेड भागिले (एक अधिक झेड). एवढं सगळं माझ्याकडून लिहून घेतल्यावर सांगितलंत की सायपाय लायब्ररीत हे एक्स्पिट नावाने तयारच आहे. तेव्हा राग आला होता. आता नाही.

खरं दुखणं वेगळंच निघालं. विसर्ग मी क्युसेकमध्ये जसाच्या तसा आत सोडला होता, पुरात चाळीस-पन्नास हजार. एवढा आकडा आत गेला की सिग्मॉइड एका टोकाला जाऊन चिकटतो. त्याचा उतार जास्तीत जास्त ०.२५, तोही बरोबर मध्यावर. टोकाला जवळपास काहीच नाही. म्हणून नेटवर्क रात्रभर चालून काही शिकत नव्हतं. आकडे लहान मापात आणल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चूक उतरायला लागली. वॉर्निंग बंद केली असती तर मी अजून तिथेच असतो.

परवा सादरीकरण झालं. परीक्षकांनी विचारलं, उत्तर शून्य ते एकमध्येच का? मी मृतसाठ्यापासून सुरुवात केली. ते सरही गोदाकाठचेच निघाले, पुढे दहा मिनिटं फक्त धरणावरच बोललो.

ते पान मी त्या दिवशी हळूच फाडून घेतलं, फाइलमध्ये लावलंय. दुसऱ्या बाजूला फेब्रुवारीचं दूध आहे. काकू अजून शोधतायत, तेवढं सांभाळून घ्या.

तुमचाच,
शेजारचा