पंचकाका, तुमच्या पेन्सिलीच्या खुणांसाठी

प्रिय पंचकाका,

सा. न. वि. वि.

आमच्या शाळेच्या फुटबॉल संघातल्या मुलींसाठी लिहिलेली भारताच्या ऑलिंपिक फुटबॉलची पुस्तिका अखेर छापून आली. पहिली प्रत तुमच्याकडे पोहोचली आहेच. पण तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं फार वाटत होतं, म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही, ही तुमची अट मी पाळते आहे. मैदानावर सगळे तुम्हाला पंचकाका म्हणतात, तेवढी ओळख पुरे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याजवळ तारखा होत्या, निकाल होते. लंडन, हेलसिंकी, मेलबर्न, रोम. १९४८ ते १९६० अशी चार ऑलिंपिक. तुम्ही त्यात भर घातलीत ती पंचाच्या शिस्तीची. माझ्या मसुद्याच्या समासात, मऊ पेन्सिलीने, बारीक अक्षरात तुम्ही एकच प्रश्न परत परत लिहिला होतात: "कोणी पाहिलं?" जिथे उत्तर मिळालं तिथे ती खूण तुम्ही स्वतः रबराने खोडलीत. जिथे मिळालं नाही तिथलं वाक्य गेलं. पुस्तिका त्यामुळे बारीक झाली, पण आज तिच्यातली कुठलीही ओळ मी मुलींना बिनधास्त वाचून दाखवते.

लंडनच्या सामन्याचंच घ्या. ३१ जुलै १९४८, इलफर्डचं मैदान, समोर फ्रान्स. स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत ऑलिंपिकच्या मैदानात उतरलेला आपला संघ, आणि त्यातले बहुतेक खेळाडू अनवाणी. ही गोष्ट सांगताना सगळे त्या अनवाणी पायांपाशीच थांबतात. तुम्ही मात्र म्हणालात, "पाय राहू देत, आधी खेळ सांग." मग सामन्यातल्या एकेका प्रसंगावर बोट ठेवत गेलात. फ्रान्सचा गोल पहिल्या अर्धात. दुसऱ्या अर्धात सारंगपाणी रामनने बरोबरी केली, तो आपला ऑलिंपिकमधला पहिला गोल. आणि मिळालेल्या दोन पेनल्टी वाया गेल्या, एक शैलेन मन्नांची, एक महावीर प्रसादची. शेवटच्या काही क्षणांत फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण २-१ असे हरलो. मन्ना म्हणजे त्या पिढीचा भरवशाचा बचावपटू, पुढे देशाचा कर्णधार झालेला माणूस. त्याचीही पेनल्टी हुकते, हे वाचल्यावर आमच्या संघातली एक मुलगी कितीतरी वेळ त्या पानावर बसून होती. आंतरशालेय सामन्यात तिची पेनल्टी बारवरून गेली होती. ते पान तुम्ही आग्रहाने ठेवायला लावलंत, त्याबद्दल तिच्या वतीनेही आभार.

त्या संघाचा कर्णधार तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतून कलकत्त्याला डॉक्टरकी शिकायला आलेला, कलकत्त्याच्याच मोहन बागान क्लबकडून खेळणारा तरुण. उद्घाटनाच्या संचलनात भारताचा झेंडा त्याच्याच हाती होता. पुढे त्याने आपल्या मुलखात परत जाऊन वैद्यकीय सेवा केली. त्याच्या नावावर खपवलेली हजरजबाबी वाक्यं तुम्ही माझ्याकडून काढून घेतलीत आणि म्हणालात, "ह्याचं आयुष्यच एवढं भरीव आहे, त्याला वरून सजावट कशाला?" अगदी पटलं.

बुटांच्या गोष्टीबद्दल तर तुमचे आभार वेगळे मानायला हवेत. १९५० च्या ब्राझीलच्या विश्वचषकाला भारत बुटांअभावी गेला नाही, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. तुम्ही मला उलटा प्रश्न घातलात: मग दोन वर्षांनी हेलसिंकीला हेच खेळाडू अनवाणी कसे उतरले? पात्रतेच्या गटातल्या बाकीच्या संघांनी माघार घेतल्यामुळे आपल्याला ब्राझीलची जागा मिळाली होती. त्या काळात आपल्याकडच्या संघटकांना ऑलिंपिक हीच सर्वांत मोठी स्पर्धा वाटायची, विश्वचषकाचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. त्यात प्रवास लांबचा. बुटांची गोष्ट ऐकायला गमतीची आहे म्हणून टिकली. पण तिच्यामुळे पोरं भाबडी होती असं चित्र तयार होतं आणि निर्णय घेणारी मंडळी नामानिराळी राहतात. हे तुम्ही बोललात तेव्हा तुमचा आवाज चढला होता. मलाही राग आला होता, आणि तो राग पुस्तिकेत राहू दिलाय.

आता हेलसिंकी. १५ जुलै १९५२, युगोस्लाव्हिया १०, भारत १. हे पान मुलींना कसं द्यावं, असा माझ्यापुढे प्रश्न होता. तुम्ही तुमची जुनी वही काढलीत. लांबट, कापडी बांधणीची, कडा मऊ पडलेल्या. त्या पानावर हा निकाल बाकीच्या निकालांइतक्याच मोठ्या अक्षरांत, त्याच निळ्या शाईत लिहिलेला होता. शेजारी दुसरी नोंद: युगोस्लाव्हिया ५, सोव्हिएत संघ ५. म्हणजे पुढच्याच फेरीत ह्याच युगोस्लाव्हियाने सोव्हिएत संघाला पाच गोल मारले, आणि तो सामना बरोबरीत सुटल्यावर पुन्हा खेळून जिंकला. शेवटी रौप्यपदकही नेलं. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी लागोपाठ तीन रौप्यं आणि मग १९६० चं सुवर्ण, असा तो संघ. ब्रांको झेबेच एकट्याने आपल्यावर चार गोल करून गेला. थंडी होती, पाय अनवाणी होते, हे सगळं खरं. पण समोर कोण होतं हेही तितकंच खरं, आणि ते कोणी सांगत नाही. आपला एकमेव गोल अहमद खानचा, सामना संपता संपता. बंगळूरचा हा खेळाडू ईस्ट बंगाल क्लबच्या त्या नामांकित आघाडीफळीतला, जिला कलकत्तेकर पंचपांडव म्हणायचे. दहा गोल खाल्ल्यावरही तो पुढे धावत होता. मुलींना मी तो गोल आधी सांगते, मग आकडा.

ह्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. आणि खरं काम सुरू झालं ते सय्यद अब्दुल रहीम यांचं. रहीमसाहेब मूळचे हैदराबादचे शिक्षक. हैदराबाद सिटी पोलीसचा संघ त्यांनी घडवला आणि १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळवून दिलं. इराणवर १-० विजय, गोल मेवालालचा. त्यांच्याबद्दल वाचलेलं सगळं मी तुम्हाला सांगत होते आणि तुम्ही मधेच उठून म्हणालात, "वाचून काय कळणार? मुलींना मैदानावर बोलव."

त्या संध्याकाळचे आभार कसे मानू? रहीमसाहेब हैदराबादला पोरांच्या अशा स्पर्धा भरवायचे, ज्यांत फक्त कमजोर पायानेच चेंडू मारायचा. काही स्पर्धांत ड्रिबलिंगलाच, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत नेण्यालाच बंदी, चेंडू आला की दे. तुम्ही आमच्या मुलींचे दोन संघ पाडलेत, उजव्या पायाने खेळणाऱ्या प्रत्येकीच्या उजव्या बुटाला चिकटपट्टीची खूण केलीत आणि शिट्टी वाजवलीत. खुणेच्या पायाने चेंडू मारला की फाउल! पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. चेंडू भलतीकडे, पोरी हसून बेजार. मग हळूहळू शांतता पसरली. बघून पास द्यायला लागल्या. आधी शरीर वळवायचं, मग चेंडू घ्यायचा, हे कोणी न सांगता त्यांना उमगलं. ह्या वयात तुम्ही पूर्ण वेळ मैदानात उभे राहिलात, आणि खुर्ची आणून ठेवली होती तिच्याकडे पाहिलंतही नाही. रहीमसाहेबांचं मोठेपण मुलींना मी पन्नास पानांत सांगू शकले नसते.

मेलबर्नच्या प्रकरणावर आपण सर्वांत जास्त बसलो. 'चौथा क्रमांक' हे शब्द सगळ्यांना पाठ असतात. तिथवर संघ कसा पोहोचला, हे तुम्ही जसंच्या तसं लिहायला लावलंत: स्पर्धेत अकराच संघ उरले होते, हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपल्याला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली, आणि आख्ख्या स्पर्धेत आपण एकच सामना जिंकला. पण तो सामना! १ डिसेंबर १९५६, यजमान ऑस्ट्रेलिया त्यांच्याच घरी, ४-२. नेव्हिल डिसूझाचे तीन गोल, चौथा किट्टूचा. दोनदा आपण पुढे गेलो, दोनदा ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली, आणि मध्यंतरानंतर नेव्हिलने तिसऱ्यांदा आघाडी मिळवून दिली ती मग सुटली नाही. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. चार गोलांसह तो स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला राहिला.

चौथा गोल उपांत्य सामन्यातला. समोर परत युगोस्लाव्हिया, मैदान मेलबर्नचं तेच, जे आपण क्रिकेटमुळे ओळखतो. मध्यंतरापर्यंत गोल नाही, आणि मग नेव्हिलने भारताला पुढे नेलं. चार वर्षांपूर्वी दहा गोल मारणारा देश पिछाडीवर! ती आघाडी दोन-तीन मिनिटंच टिकली, शेवटी आपण ४-१ असे हरलो, त्यातला एक तर स्वयंगोल. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० ने हरवलं. पण त्या दोन-तीन मिनिटांसाठी तुम्ही मला पुस्तिकेत वेगळा परिच्छेद करायला सांगितलात. बद्रू बॅनर्जीच्या कर्णधारपदाखालचा तो संघ ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या इतक्या जवळ होता, हे मुलींना नीट दिसावं म्हणून.

नेव्हिल मूळचा गोव्यातल्या आसगावचा, पण खेळला आपल्या मुंबईत, टाटांच्या संघाकडून. तुम्ही त्याला मुंबईतल्या कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर पाहिलंय हे कळल्यावर मी वही-पेन घेऊन सरसावले होते. आणि तुम्ही म्हणालात, "मी पोरगा होतो. मोठ्या माणसांच्या खांद्यांमधून दिसलं तेवढं दिसलं. त्याची पाठ आणि गर्दीचा आवाज. बाकीचं मी नंतर ऐकलेलं." आपल्या लाडक्या खेळाडूच्या आठवणीलाही तुम्ही स्वतःचाच प्रश्न लावलात. पुस्तिकेत ती आठवण तेवढीच छापली आहे, तुमच्याच शब्दांत. माझ्या मते अख्ख्या पुस्तिकेतली तीच सर्वांत सुंदर जागा आहे. नेव्हिल १९८० मध्ये, पन्नाशीही न गाठता गेला. गोलरक्षक एस. एस. नारायणही मुंबईकरच. माटुंग्याच्या मैदानांवर वाढलेला हा माणूस १९५६ आणि १९६० अशा दोन ऑलिंपिकना गेला, आणि आज त्याच माटुंग्यात त्याचं नाव किती जणांना सांगता येईल, ह्या विचाराने मला चैन पडत नाही.

रोमबद्दल लोक कमी बोलतात, कारण तिथे संघ गटातच बाद झाला. मला मात्र तोच संघ सर्वांत आवडतो. पी. के. बॅनर्जी कर्णधार, सोबत चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम, मागे जर्नेलसिंग, गोलमध्ये थंगराज. हंगेरीशी २-१ अशी हार, आपला गोल बलरामचा. हंगेरीचा एक गोल फ्लोरियन आल्बर्टचा, जो पुढे युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. फ्रान्सविरुद्ध ग्रोसेतोला पी. के. ने भारताला पुढे नेलं, सामना संपायला थोडाच वेळ असताना फ्रान्सने बरोबरी केली. पेरूशी हरलो आणि संपलं. ह्याच फळीने दोन वर्षांनी जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई सुवर्ण जिंकलं. एक गोल पी. के. चा, दुसरा डोक्याला टाके असताना खेळलेल्या जर्नेलसिंगचा. चुनीबद्दल एक तळटीप तुम्हीच सुचवलीत: हाच माणूस पुढे बंगालचा क्रिकेट कर्णधार म्हणून मुंबईविरुद्ध रणजीची अंतिम लढत खेळला. क्रिकेटवेड्या पालकांना ती फार आवडली.

रहीमसाहेब जून १९६३ मध्ये कर्करोगाने गेले. १९६४ च्या टोकियोची पात्रता आपल्याला गाठता आली नाही आणि त्यानंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेला नाही. ह्या शेवटच्या दोन वाक्यांवर माझ्या मसुद्यात बरंच भाष्य होतं. तुमच्या पेन्सिलीने त्यावर खूण केली नव्हती. नुसती एक आडवी रेघ मारली होती, आणि खाली "इथे थांब" असं लिहिलं होतं. थांबले.

काका, तुम्ही ह्यासाठी पैसे घेतले नाहीत, नावही घेऊ दिलं नाहीत. दर वेळी मसुदा वेळेत वाचून ठेवलात, आणि काकूंनी आमच्या बैठका लांबल्या तरी कधी कपाळाला आठी घातली नाही. दोघांचेही मनापासून आभार. वहीच्या झेरॉक्स मी दोन संच काढल्या आहेत, एक शाळेच्या ग्रंथालयात राहील. मूळ वही रविवारी घेऊन येते. सोबत संघातल्या पाच-सहा जणी असतील, त्यांना जर्नेलसिंगच्या टाक्यांबद्दल विचारायचं आहे, आणि आता त्या तुम्हालाच म्हणणार आहेत, "कोणी पाहिलं?"

तुमची,
फुटबॉलच्या बाई