विमान माझे, पण सही चालत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत छोटे विमान बाळगायला किती खर्च येतो, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. कारखान्यात बनलेल्या सर्टिफाइड विमानापेक्षा घरी बांधलेले एक्सपेरिमेंटल विमान बरेच स्वस्त पडते, असे लेखक म्हणतात. ते खरे आहे, पण कोणाला स्वस्त पडते, हे लेखात आलेले नाही. आमच्याकडे दोन्ही होती, म्हणून लिहिते आहे.

पहिले १९७४ चे सेसना १७२, म्हणजे कारखान्यात बनलेले सर्टिफाइड विमान. ते दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर भागीदारीत घेतले आणि नऊ वर्षे उडवले. तेल, टायर, स्पार्क प्लग अशी ठरावीक कामे पायलट-मालक स्वतः करू शकतो. त्यापुढचे काम परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली आणि त्याच्याच सहीने. वर्षाच्या ॲन्युअल इन्स्पेक्शनला तर साधा मेकॅनिकही चालत नाही, एफएएचे (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचे) वेगळे इन्स्पेक्शन ऑथरायझेशन, म्हणजे तपासणीचा अधिकार असलेला लागतो. सुटा भागही मंजुरी असलेलाच हवा. एका वर्षी या तपासणीसाठी १,४०० डॉलर धरून ठेवले होते. इंजिनाच्या एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन (दाब धरण्याची क्षमता) ८० पैकी ४१ निघाले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत होता. बिल ४,६०० वर गेले.

हा शेवटचा खर्च मात्र एक्सपेरिमेंटलमध्येही टळला नसता. आमच्या दुसऱ्या, घरी बांधलेल्या विमानात, आरव्ही-९एमध्ये, त्याच घराण्यातले लायकमिंग ओ-३२० इंजिन आहे आणि त्याच्या सिलिंडरला तेवढेच पैसे पडतात. हँगरचे भाडे तेच, पेट्रोलचा भाव तोच. फरक पडतो तो मजुरीत आणि उपकरणांत. आरव्हीच्या एका मॅग्नेटोच्या (स्पार्क प्लगला ठिणगी देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्राच्या) जागी यजमानांनी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, कोणाची मंजुरी लागली नाही. (उपकरणांतली दरी २०१६ नंतर कमी झाली आहे, काही इलेक्ट्रॉनिक उपकरणे आता सेसनातही बसवता येतात.) शिवाय दोन्ही विमाने तासाला साधारण आठ गॅलन पितात, पण सेसना ११० नॉटच्या वेगाने जायचे, आरव्ही १५० ने जाते.

आरव्हीचे किट, म्हणजे जोडायचे सुटे भाग, २००९ मध्ये आले. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः शिकण्यासाठी किंवा आवडीसाठी केलेले असावे, असा नियम आहे. आम्ही सात हिवाळे गॅरेजमध्ये काढले. पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायला यजमान बाहेरून रिव्हेट गन धरायचे, मी शेपटीच्या पोकळीत आडवी होऊन आतून बकिंग बार, म्हणजे रिव्हेटचे टोक चेपणारा धातूचा ठोकळा, दाबून धरायची. हजारो रिव्हेट असे बसले. २०१६ मध्ये विमान उडाले आणि चाचणीचे ४० तास यजमानांनी एकट्याने पूर्ण केले. मग त्यांना एफएएचे रिपेअरमन सर्टिफिकेट मिळाले. एक्सपेरिमेंटलला ॲन्युअलऐवजी असते ते वार्षिक कंडिशन इन्स्पेक्शन तेच करायचे, सही तेच करायचे. त्या वर्षांत तपासणीचा खर्च म्हणजे तेल, फिल्टर आणि किरकोळ सामान. लेखात आहे तो स्वस्तपणा हाच.

तीन वर्षांपूर्वी यजमान गेले. विमान माझ्या नावावर झाले, पण ते सर्टिफिकेट एका विमानाच्या एकाच मुख्य बांधणाऱ्याला मिळते आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. या विमानाची दुरुस्ती मी आजही कायद्याने करू शकते. वर्षातून एकदा लॉगबुकात लागणारी सही मात्र माझी चालत नाही. ज्या रिव्हेटना मी आतून बार लावला, त्यांच्याबद्दलही नाही. याचे मला फार वाईट वाटले, अजून वाटते.

सहीला साधा मेकॅनिक चालतो, वेगळे ऑथरायझेशन लागत नाही. तरी दोन वर्कशॉपनी नकार दिला. कोणी कसे बांधले माहीत नाही, उद्या काही झाले तर जबाबदारी आमच्यावर, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. तिसरा मेकॅनिक आला आणि त्याने आधी वायरिंगचे नकाशे मागितले. यजमानांनी प्रत्येक वायरला क्रमांक देऊन तीन फायली करून ठेवल्या होत्या. त्या पाहून तो कामाला लागला. दोन दिवस लागले, १,१०० डॉलर झाले.

तयार एक्सपेरिमेंटल विमान सेकंडहँड घेणारा प्रत्येक जण माझ्याच जागी असतो. बांधकामाची वही, वायरिंगचे नकाशे, फोटो हे सगळे पाहिल्याशिवाय त्याने किमतीचे बोलणेच करू नये. आणि वाचलेल्या पैशांतून त्याच प्रकारच्या विमानावर प्रशिक्षकाबरोबर तास घ्यावेत. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने) २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०११ मध्ये अपघात झालेल्या घरी बांधलेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने मालकाने स्वतः न बांधता विकत घेतलेली होती. मी इतकी वर्षे सेसना उडवूनही आरव्हीवर सहा तास प्रशिक्षकाबरोबर घेतले. त्याची कांडी (विमान वळवायचा, वर-खाली न्यायचा दांडा) इतकी हलकी की पहिल्या दिवशी उंची धरून ठेवणेही मला जमले नाही. लेखात या तासांचा खर्च कुठेच धरलेला नाही.

येत्या नोव्हेंबरात पुन्हा तपासणी आहे. मेकॅनिक यायच्या आदल्या दिवशी काउलिंग (इंजिनावरचे आवरण) उतरवून, प्लग काढून, तपासणीची सगळी झाकणे उघडून ठेवणार आहे. तेवढे मला करता येते, आणि त्याचा निम्मा दिवस वाचतो.

आपली,
एक वाचक, डेटन, ओहायो