लाल नळ, हिरवा नळ : मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. यवतमाळकडच्या फ्लोराइडच्या पाण्यावर तुमच्या महाविद्यालयातले चार-पाच विभाग एकत्र काम करणार, हे वाचून फार बरं वाटलं. वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी एकाच प्रश्नावर काम केल्याचं खरं उदाहरण तू मागितलं आहेस. माझ्या मते बंगालच्या पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिक या विषाइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण नाही. त्यात यश आहे तसं अपयशही आहे, आणि दोन्हींची कारणं नीट नोंदलेली आहेत. म्हणून पत्र जरा लांबेल.

पूर्वी बंगालातली खेडी तळ्याचं, नाल्याचं, उघड्या विहिरीचं पाणी पीत. जुलाब आणि कॉलऱ्याने मुलं दगावत. त्यावर १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने हातपंपाच्या कूपनलिका मारायला सुरुवात झाली (पुढे मी त्यांनाच ‘नळ’ म्हणतो). उद्देश चांगला होता आणि पाणी जंतूंपासून बऱ्याच अंशी सुरक्षितही होतं. आर्सेनिक मात्र कोणी तपासलं नव्हतं, कारण गाळाच्या मैदानात ते असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही.

पहिली खूण सापडली ती त्वचारोगाच्या दवाखान्यात. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहात-तळपाय खरबरीत झालेले, अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग पडलेले रुग्ण येऊ लागले. साहांनी त्याचा संबंध पाण्याशी जोडला. पुढे जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ दीपांकर चक्रवर्ती यांच्या गटाने गावोगाव पाणी, केस, नखं, लघवी तपासून हा प्रश्न केवढा मोठा आहे ते दाखवलं. डॉक्टरला डाग दिसतो, पण डाग दिसेपर्यंत अनेक वर्षं विष पोटात गेलेलं असतं. आज काय चाललं आहे ते रसायनशास्त्रज्ञाची बाटलीच सांगते. तुमच्या कामात दंतवैद्यांना हे आधीच सांगून ठेव. फ्लोराइडमुळे दातांवर पडणारे पट्टे म्हणजे दात घडत असताना, बालपणी प्यायलेल्या पाण्याची नोंद आहे, आजच्या बोअरची नाही.

सीमेपलीकडच्या बांगलादेशातही हाच प्रश्न होता. १९९८-९९ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे आणि बांगलादेशाच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाने मिळून देशभर सुमारे साडेतीन हजार कूपनलिका तपासल्या. १५० मीटरपेक्षा उथळ असलेल्यांपैकी २७ टक्क्यांमध्ये आर्सेनिक देशाच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅमची शिफारस धरली तर हे प्रमाण ४६ टक्के. दीडशे मीटरखालच्या नलिका मात्र जवळजवळ सगळ्या स्वच्छ. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे साथरोगतज्ज्ञ ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं.

याच सुमारास वाद चालू होता तो कारणाचा. हा भाग तू तुमच्या भूगर्भवाल्यांना वाचून दाखव.

एक मत असं, की शेतीसाठी प्रचंड उपसा झाला, पाण्याची पातळी खाली गेली, मातीत हवा शिरली, पायराइट नावाचं गंधकयुक्त खनिज हवेने विरघळलं आणि त्यातलं आर्सेनिक सुटलं. दुसरं मत याच्या अगदी उलट. हिमालयातून आलेल्या गाळाच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा थर असतो आणि त्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळाबरोबर झाडपाला, कुजकी माती पुरली जाते. तिच्यावर जगणारे जंतू आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, आणि शेवटी श्वसनासाठी गंजच वापरतात. गंज विरघळला की आर्सेनिक पाण्यात येतं. म्हणजे पहिल्या मतात हवा शिरल्यामुळे विष सुटतं, दुसऱ्यात हवा संपल्यामुळे.

हा वाद फक्त पुस्तकी नव्हता. पहिलं मत खरं असतं तर उपसा थांबवणं हाच उपाय ठरला असता, आणि कोट्यवधी लोकांच्या भाताच्या शेतीवर गदा आली असती. निवाडा पाण्यानेच केला. पायराइट विरघळलं असेल तर आर्सेनिकबरोबर सल्फेट वाढायला हवं. प्रत्यक्षात आर्सेनिकच्या पाण्यात सल्फेट कमी होतं, आणि लोह, अमोनियम, बायकार्बोनेट भरपूर. शिवाय हवेच्या सर्वांत जवळ असलेल्या उघड्या विहिरींत आर्सेनिक सर्वांत कमी. लंडन आणि ढाका इथल्या संशोधकांनी १९९८ मध्ये ही मांडणी केली. २००४ मध्ये मँचेस्टरच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी बंगालचा गाळ प्रयोगशाळेत ठेवून, त्यातल्या जंतूंना खाद्य देऊन, आधी लोह आणि मागोमाग आर्सेनिक सुटताना दाखवलं.

हे रसायन एकदा समजलं की पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. पाण्याचा नमुना बाटलीत घेतल्यावर त्यात आम्ल का घालावं लागतं? कारण हवा लागताच विरघळलेल्या लोहाचा गंज होतो, तो तळाशी बसतो आणि आर्सेनिक सोबत घेऊन जातो. आम्ल न घातलेली बाटली चार दिवसांनी तपासली तर विषारी नळही निर्दोष दिसू शकतो.

आता माझ्या दृष्टीने या साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग. ढाक्याच्या पूर्वेला आडाइहाजार नावाचा तालुका आहे. नावाचा अर्थ चक्क ‘अडीच हजार’. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने बांगलादेशी सहकाऱ्यांबरोबर तिथल्या २५ चौरस किलोमीटरमधल्या सुमारे सहा हजार कूपनलिका एकेक करून तपासल्या. नळाची खोली, जागा, आकडा, सगळं नोंदलं. निघालं ते असं, की ८ ते १० मीटर खोलीच्या नळांपैकी २५ टक्के मर्यादेबाहेर, १५ ते ३० मीटरमधले ७५ टक्के, आणि ९० मीटरपाशी १० टक्क्यांहून कमी. एक नळ विषारी आणि हाकेच्या अंतरावरचा निर्दोष, अशी स्थिती. म्हणून गावाची सरासरी इथे निरुपयोगी असते, प्रत्येक नळ तपासावाच लागतो. पण याच विस्कळीतपणात दिलासाही होता. जवळजवळ निम्मे नळ चांगले होते आणि सुमारे ९० टक्के लोकांच्या घरापासून १०० मीटरच्या आत एक तरी चांगला नळ होता.

म्हणजे सर्वांत स्वस्त उपाय शेजाऱ्याच्या अंगणात होता. लोक तिथे जातील का, हा प्रश्न मात्र रसायनशास्त्राचा नव्हता. अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ इथे आले. ज्यांचा नळ वाईट ठरला अशा ३,०२० घरांपैकी १,७३७ घरांनी, म्हणजे ५७ टक्क्यांनी, नळ बदलला. आकडा जितका वाईट तितके जास्त लोक बदलले, आणि चांगला नळ जितका दूर तितके कमी. संख्याशास्त्राच्या वर्गात हीच आकडेवारी आज उदाहरण म्हणून शिकवली जाते. पाणी भरणाऱ्या बाईला दिवसातून किती खेपा कराव्या लागतात आणि दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकताना तिला काय वाटतं, हे त्या अंतराच्या आकड्यात दडलेलं आहे. तुमच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तेच मोजावं.

बांगलादेशाच्या सरकारी मोहिमेतही २००० नंतरच्या काही वर्षांत पन्नास लाखांच्या आसपास नळ तपासले गेले आणि मर्यादेबाहेरच्या सुमारे १४ लाख नळांची तोंडं लाल रंगवली, बाकीची हिरवी. त्यासाठी जे साधं किट वापरतात त्याची रीत अशी : बाटलीत ठरलेलं पाणी घ्यायचं, आम्लाची पूड आणि जस्ताची पूड टाकायची, आणि झाकणात मर्क्युरिक ब्रोमाइडची कागदी पट्टी बसवायची. आर्सेनिकचा वायू होऊन वर येतो आणि पट्टी पिवळी ते तपकिरी होते. रंग तक्त्याशी ताडून बघायचा. चुका तीन ठिकाणी होतात. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर पट्टी फसते, म्हणून ते आधी निकामी करावं लागतं. वेळ कमी दिला तर रंग फिका येतो. एका प्रचलित किटमध्ये २० मिनिटांऐवजी ४० मिनिटं थांबल्यावर निकाल सुधारले. आणि मर्यादेच्या आसपासचे, ५० ते १०० मधले आकडे सर्वांत जास्त चुकतात. आणखी एक अडचण पुढे आली. रंग काही वर्षांत उडाला, आणि नंतर मारलेले लाखो नवे नळ कधी तपासलेच गेले नाहीत. एकदाच केलेली तपासणी इथे पुरत नाही.

त्याच आडाइहाजारमध्ये २००० पासून सुमारे बारा हजार माणसांचा पाठपुरावा सुरू झाला. २०१० मध्ये त्यातून निष्कर्ष निघाला, की त्या लोकसंख्येतल्या साधारण २१ टक्के मृत्यूंचा संबंध १० मायक्रोग्रॅमवरच्या आर्सेनिकशी लागतो. हा आकडा वाचून मन सुन्न होतं. आणि देशाची मर्यादा ५० ची होती, म्हणजे हिरव्या नळाचं पाणीही सगळ्यांना निर्धोक नव्हतं.

गाळणीयंत्रांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांची जाहिरात भरपूर होते. अडचण अशी, की जमिनीखालचं आर्सेनिक बहुतेक त्रिसंयुजी, म्हणजे कमी ऑक्सिडीकरण झालेल्या रूपात असतं. साध्या पाण्यात त्यावर विद्युत्प्रभार नसतो, त्यामुळे ते कशाला धड चिकटत नाही. आधी त्याचं ऑक्सिडीकरण करून पंचसंयुजी रूप करावं लागतं. शिवाय पाण्यातलं फॉस्फेट आणि सिलिका त्याच चिकटण्याच्या जागा अडवतात. म्हणून प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात उत्तम चाललेली गाळणी गावात फसते. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचे अबुल हुसाम यांनी लोखंडाचा चुरा, वाळू, विटांचे तुकडे आणि कोळसा वापरून दोन बादल्यांची गाळणी केली. तिला २००७ मध्ये दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. मुंबईत शिकलेले अशोक गाडगीळ यांचा बर्कलेतला गट वेगळ्या वाटेने गेला. लोखंडी पट्ट्यांतून कमी दाबाचा वीजप्रवाह सोडून पाण्यातच गंज तयार करायचा, तो आर्सेनिक धरतो, मग तुरटीने गाळ बसवायचा. जादवपूर विद्यापीठाबरोबर त्यांनी दक्षिण २४ परगण्यात धपधपीच्या शाळेत दिवसाला १०,००० लिटरचा संच उभारला. संचाबरोबर तो चालवणारा माणूस, पाण्याची किंमत आणि गाळाची विल्हेवाट यांचाही विचार आधी झाला होता, हे मला त्यात विशेष वाटतं.

गाळाचं मुद्दाम सांगतो. अमेरिकेतल्याच लेहाय विद्यापीठाचे अरूप सेनगुप्ता आणि हावड्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने खेड्यांतल्या नळांना ॲल्युमिनाचे (आर्सेनिक धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या संयुगाचे) संच जोडले. त्यातला आर्सेनिकयुक्त गाळ ते पुरत नाहीत, हवा खेळत राहील अशा वाळूच्या टाकीत ठेवतात. का, ते तुझ्या ध्यानात आलं असेल. कचऱ्याखाली पुरला तर हवा संपेल, जंतू पुन्हा गंज खातील आणि विष पुन्हा पाण्यात जाईल. भूगर्भवाल्यांचा तो वाद अभियंत्याला इथे उपयोगी पडला.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. बंगालात नळ मारतात ते तळहाताने पाइपचं तोंड उघडझाप करत, पाण्याबरोबर वाळू वर काढत. त्या कारागिरांना वाळूच्या रंगाची बारीक जाण असते. स्टॉकहोमच्या संशोधकांनी चांदपूर जिल्ह्यातल्या मतलबमध्ये त्यांचीच वर्गवारी घेतली : काळी, पांढरी, फिकट पांढरी, तांबडी. तांबड्या आणि फिकट पांढऱ्या वाळूतलं पाणी आर्सेनिकच्या दृष्टीने चांगलं निघालं, कारण तिथे गंज अजून शाबूत आहे. पण तांबड्या वाळूत मँगेनीज बरेचदा जास्त सापडलं. एका विषापासून सुटका करताना दुसरं मोजायचं विसरू नये, ते यासाठी.

अन्नाकडेही बघावं लागलं. उपशाचं पाणी भातशेतीत जातं आणि तांदळात आर्सेनिक येतं. तांदूळ स्वच्छ पाण्याने नितळ होईपर्यंत धुऊन, सहापट निर्धोक पाण्यात शिजवून वरचं पाणी काढून टाकलं तर निम्म्याच्या आसपास आर्सेनिक कमी होतं. आपल्याकडे पेज काढतात तशीच रीत.

आता तुमच्या कामाविषयी. बंगालचा उपाय जसाच्या तसा उचलू नका. तिथे खोल जाणं हा उपाय आहे, तुमच्याकडे बरेचदा तीच अडचण. खोल बोअरचं पाणी खडकात जास्त काळ राहतं, बायकार्बोनेट वाढतं, कॅल्शियम घटतं आणि फ्लोराइड विरघळत जातं. म्हणून प्रत्येक बोअरची खोली आणि केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप) कुठपर्यंत आहे ते विचारून लिहा, आणि फ्लोराइडबरोबर कॅल्शियम, क्षारता, सोडियम आणि पीएच मोजा. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको. आर्सेनिकच्या नमुन्यासारखं त्यात आम्ल घालू नका. फ्लोराइडच्या इलेक्ट्रोडने मोजताना बफर (त्यासाठीचं तयार द्रावण) घालायला विसरलात तर ॲल्युमिनियम आणि लोह फ्लोराइडला बांधून ठेवतात आणि आकडा कमी येतो. दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी घ्या आणि तो दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवा. तेच बोअर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा तपासा. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५. घरी निकाल सांगताना दोन्ही आकडे सांगा.

आणि निकाल त्या बाईच्या हातात द्या, जी पाणी भरते. सोबत सर्वांत जवळचा चांगला स्रोत किती पावलांवर आहे तेही लिहून द्या. अशा निकालाच्या चिठ्ठीचा नमुना मी पुढच्या आठवड्यात पाठवतो, तोवर बाटल्यांची खरेदी थांबवू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध