तोंड रंगवण्यापेक्षा अर्ज करा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत पाळत आणि कला या विषयाला अख्खे पान दिलेत, आनंद वाटला. पण पानावरचे सर्वांत मोठे छायाचित्र कशाचे, तर गालांवर काळे-पांढरे पट्टे ओढलेल्या आणि कपाळावर तिरप्या बटा सोडलेल्या मुलीचे. खाली ओळ: ‘असा मेकअप केला की कॅमेरा चकतो’. माझी तक्रार या ओळीबद्दल आहे.

हा प्रकार अ‍ॅडम हार्वी या अमेरिकी कलावंताने 2010 मध्ये मांडला. पहिल्या महायुद्धात जहाजांवर वेडेवाकडे पट्टे रंगवत, म्हणजे जहाज कुठल्या दिशेने, किती वेगाने चालले आहे याचा शत्रूला नीट अंदाज येऊ नये. ‘सीव्ही डॅझल’ हे नावही त्याने तिथूनच घेतले: ‘डॅझल’ म्हणजे जहाजांचे ते रंगकाम, ‘सीव्ही’ म्हणजे यंत्राची दृष्टी. तेव्हा चेहरा शोधण्यासाठी जी पद्धत सर्रास वापरात होती, ती व्हायोला आणि जोन्स या दोघांनी 2001 मध्ये मांडलेली. ती उजेड-सावलीचे ठोकताळे लावायची: डोळ्यांचा भाग गालांपेक्षा गडद, नाकाचा दांडा डोळ्यांपेक्षा उजळ. रंगाने हे ठोकताळे बिघडवले की तिथे चेहरा आहे हेच यंत्राला कळेना. कल्पना फक्कड होती. पण पुढे यंत्रे बदलली, आणि आपला उपाय त्या एका पद्धतीपुरता होता हे हार्वीने स्वतःच सांगून ठेवले आहे. आज तसे तोंड रंगवून बाहेर पडलेल्याला कॅमेरा शोधून काढण्याची शक्यता दाट, वर येणारे-जाणारे वळून वळून बघणार ते वेगळेच.

डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. लपायचे काम ज्याच्यावर नजर आहे त्यानेच करायचे, रोज सकाळी आरशासमोर बसून, आणि नजर ठेवणाऱ्याला कुणी एका शब्दाने विचारायचे नाही. म्हणून नजर ठेवणाऱ्याला जाब विचारणारे कलावंत मला जास्त महत्त्वाचे वाटतात. आपल्या पानावर त्यांना कोपऱ्यातसुद्धा जागा मिळाली नाही.

मानू लुक्श या ऑस्ट्रियन कलावतीचेच घ्या. लंडनमध्ये सीसीटीव्हीचे जाळे पसरलेले. ब्रिटनच्या 1998 च्या माहिती संरक्षण कायद्यात एक तरतूद होती: तुमचे चित्रण कुणाकडे असेल, तर लेखी अर्ज करून तुम्ही त्याची प्रत मागू शकता. शुल्क जास्तीत जास्त 10 पौंड, मुदत 40 दिवस. लुक्शने ठरवले की आपण स्वतःचा कॅमेरा हातात घ्यायचाच नाही. कॅमेऱ्यांसमोर वावरायचे, मग कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे होतो हे लिहून अर्ज धाडायचा. उत्तरांमध्ये टाळाटाळही भरपूर असे. त्या वेळी यंत्रणा बंद होती, चित्रण उरलेले नाही, वगैरे. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेल्या कुणालाही ही भाषा पाठ असेल. जे मिळाले त्यात कायद्याने इतरांचे चेहरे झाकणे भाग होते. लुक्शने त्या झाकलेल्या चेहऱ्यांचीच गोष्ट केली: सगळे बिनचेहऱ्याचे असलेल्या एका समाजात एक बाई सकाळी उठते, तर तिला चेहरा आलेला, आणि ती घाबरून जाते. हा चित्रपट 2007 मध्ये पूर्ण झाला. कायद्यातल्या एका अटीतून आख्खे कथानक उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

जिल मॅगिड या अमेरिकी कलावतीची वाट थोडी वेगळी. 2004 मध्ये ती लाल कोट घालून 31 दिवस लिव्हरपूलमध्ये फिरली. चित्रण तिथे 31 दिवसच ठेवले जाई. आपण कुठे आहोत हे ती पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला फोन करून कळवी, आणि मागणी-अर्ज भरताना तिने ते प्रेमपत्रांसारखे लिहिले. एकदा तर डोळे मिटून ती कॅमेऱ्यामागच्या पोलिसाच्या सूचनांवर रस्त्यातून चालली. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला चीडच आली. पाळतीशी कसली लाडीगोडी? आता वाटते, पडद्यामागे एक माणूस बसलेला असतो आणि त्यालाही बोलते करता येते, हे तिने सिद्ध केले. अस्वस्थ मात्र मी अजून आहे.

हसन इलाही या अमेरिकी कलावंताची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. 2002 मध्ये विमानतळावर अडवला गेला, पुढे सहा महिने एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या चौकश्या. मग त्याने आपला ठावठिकाणा, खाल्लेले जेवण, वापरलेली शौचालये, सगळ्यांची हजारो छायाचित्रे स्वतःच जगापुढे टाकली. माहितीचा एवढा ढीग घातला की तिला मोलच उरू नये. नामी युक्ती, पण आज आपण सगळेच न सांगता तेच करत आहोत आणि मोल काही घटलेले दिसत नाही.

‘ज्याचे मन साफ त्याला कसली भीती’ म्हणणाऱ्या आपल्या पत्रलेखकांसाठी एक प्रसंग. चिनी कलावंत आय वेवे याच्या घरावर पोलिसांचे कॅमेरे रोखलेले होते. त्याला 2011 मध्ये 81 दिवस अटकेत ठेवले होते. अटकेला वर्ष झाले त्या दिवशी, 3 एप्रिल 2012 रोजी, त्याने घरात स्वतःवरच रोखलेले चार कॅमेरे लावले आणि सारे थेट इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली, अगदी झोपसुद्धा. दोन दिवसांच्या आत ते बंद करायला लावण्यात आले. मन साफ असल्याचा यापेक्षा उघड पुरावा कोण देणार?

तेव्हा पुढच्या वेळी या विषयाला पान द्याल, तर रंगवलेले तोंड वगळा. त्या जागी लुक्शच्या एखाद्या अर्जाला आलेल्या उत्तराची प्रत मिळवून छापा, लेटरहेडसकट.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका