ओव्हरहॉल केलेल्या ट्रॅक्टर इंजिनच्या हेडचे नट टॉर्क रेंचविना आवळल्याबद्दल तक्रार

दिनांक : १२ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. विभागीय सेवा व्यवस्थापक,
ट्रॅक्टर विभाग, ग्राहक सेवा कक्ष

विषय : अधिकृत सेवा केंद्रात इंजिन ओव्हरहॉल केल्यानंतर ३८ तासांत हेड गॅस्केट उडाल्याबाबत व तुमच्या पत्रातील कारण अमान्य असल्याबाबत.

महोदय,

औसा तालुक्यात माझी ११ एकर शेती आहे. माझ्या ४५ एचपी, तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचं इंजिन तुमच्या अधिकृत सेवा केंद्रात उतरवून लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं आणि हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) काम करून घेतलं. १८ सप्टेंबरला ट्रॅक्टर ताब्यात मिळाला, बिल ७८,४०० रुपये झालं. २२ ऑक्टोबरला दुपारी रोटाव्हेटर चालू असताना रेडिएटरचं पाणी उसळून बाहेर आलं. डिपस्टिक काढली तर ऑइल ताकासारखं पांढरं झालेलं, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील, हेड गॅस्केट, उडून पाणी ऑइलमध्ये गेलेलं. तासाचं मीटर ओव्हरहॉलनंतर ३८ तास दाखवत होतं.

तुमचं ४ नोव्हेंबरचं पत्र मिळालं. 'पाणी कमी ठेवून चालवल्यामुळे इंजिन तापलं, गॅस्केट ही झिजणारी वस्तू आहे, त्यामुळे वॉरंटी लागू नाही', असं त्यात लिहिलं आहे. हे मला मान्य नाही. मी एसटीच्या विभागीय कार्यशाळेत २७ वर्षं इंजिनांवरच काम केलं. पाठीच्या दुखण्यामुळे आता स्वतः हेड उचलता येत नाही, आणि कंपनीच्या माणसांकडून काम झालं तर वॉरंटी राहील, म्हणून तुमच्याकडे दिलं. हेड बसवलं त्या दिवशी मी तिथे उभा होतो.

त्या दिवशी जे पाहिलं ते आधी सांगतो. ब्लॉक डिझेलने धुतला, पण स्टडच्या (हेड धरून ठेवणाऱ्या आटेदार दांड्यांच्या) भोकांत हवा मारली नाही. ही भोकं खालून बंद असतात. तळाशी डिझेल, ऑइल किंवा गाळ राहिला तर स्टड पुरता खाली बसत नाही. त्यावरच जोर लावला तर अडकलेलं द्रव दबायला जागा नसते आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. जुन्याच स्टडवर जुनेच नट चढवले, आट्यांवरून तारेचा ब्रशसुद्धा फिरला नाही. मग हवेच्या गनने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने १४ नट बसवले आणि शेवटी लांब पान्याला पाइप घालून एकेक दाबला. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, कुठे आहे, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, "काका, हाताला अंदाज आहे." रेंच काचेच्या कपाटात होता. त्यावरच्या कॅलिब्रेशनच्या चिठ्ठीवर २०१९ साल होतं. क्लिकच्या रेंचची तपासणी वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यावर व्हायला हवी.

त्या मुलांवर माझा राग नाही. दोघेही कष्टाळू आहेत, वागायला चांगले आहेत. त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि ते शिकवणं ही तुमची जबाबदारी आहे. मला स्वतःला हे उमजायला कार्यशाळेत दोन वर्षं गेली होती, तेही वस्ताद रोज डोक्याशी उभे राहायचे म्हणून.

नट घट्ट झाला म्हणजे काम झालं, असं हेडच्या बाबतीत होत नाही. स्टड ही ताणलेली स्प्रिंग आहे. नट फिरवला की स्टड अगदी थोडा लांबतो, आणि त्या ताणाने तो हेडला ब्लॉकवर दाबून धरतो. १२ मिलिमीटरचा स्टड १२ किलोग्रॅम-मीटरला आवळला तर साधारण ५ टनांचा दाब मिळतो. आपण हाताने लावलेल्या जोरातला जवळजवळ ९० टक्के भाग नटाच्या बुडाशी आणि आट्यांत घर्षणातच जातो. स्टडला ताण द्यायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून आटे गंजलेले किंवा मातकट असले तर रेंचवर आकडा बरोबर येतो आणि प्रत्यक्ष दाब मात्र कितीतरी कमी असतो. उलट कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा ऑइल लावून गाठला, तर स्टडवर गरजेपेक्षा जास्त ताण येतो. तुमच्याच मॅन्युअलमध्ये आटे साफ करा, हलकं इंजिन ऑइल लावा, मगच टॉर्क द्या, असं लिहिलं आहे. ते उगाच लिहिलेलं नाही.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब बघा. १०५ मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये जळण्याचा दाब ८० बारपर्यंत गेला, तर हेडला वर ढकलणारा जोर ७ टनांच्या आसपास होतो. २,००० आरपीएमला हा धक्का एकेका सिलिंडरमध्ये मिनिटाला १,००० वेळा बसतो. हे सगळं पेलतात ते स्टड, आणि तेही सगळ्यांनी सारखा भार घेतला तरच.

क्रमाचंही तसंच आहे. गोधडी अंथरताना आपण हात मधून कडेकडे फिरवतो. कडा आधी दाबून ठेवल्या तर मधे फुगा राहतो आणि तो मग कुठेच जात नाही. हेडचे नट मधून सुरू करून आलटून पालटून बाहेर न्यायचे, आणि तेही तीन टप्प्यांत: ४, मग ८, मग १२ किलोग्रॅम-मीटर. एका नटाला एकदम पूर्ण जोर दिला की हेड त्या बाजूला झुकतं आणि गॅस्केट तिथे जास्त चेपलं जातं.

२५ ऑक्टोबरला तुमच्या सेवा केंद्राच्या सुपरवायझरसमोर मी हेड उघडवलं. त्याचा व्हिडिओ सोबत पेन ड्राइव्हमध्ये आहे. नट सोडण्याआधी इंजिन थंड असताना डायलच्या टॉर्क रेंचने प्रत्येक नट आवळण्याच्या दिशेने जेमतेम हलवून आकडा घेतला. मॅन्युअलप्रमाणे १२ हवा होता. मधल्या चार नटांवर ७ ते ८ आला, दोन्ही टोकांच्या चार नटांवर १७ च्या वर. चालू झाल्यावर गॅस्केट बसतं आणि नट थोडे सैल होतात, हे मला माहीत आहे. म्हणजे ७ आकड्याचं कारण तुम्ही एक वेळ सांगू शकाल. पण १७ चं काय? नट आपोआप आवळला जात नाही. जागेवर चिकटल्यामुळे आकडा थोडा वाढतो, त्याचे दीड-दोन सोडून दिले तरी १५ उरतात.

गॅस्केटवरही तेच दिसलं. टोकांच्या बाजूला लोखंडी रिंगचा ठसा खोल उमटलेला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे ठसा जवळजवळ नाहीच. तिथूनच वायू पाण्याच्या वाटेत शिरला. पट्टी आणि फिलर गेज लावून पाहिलं तर हेडला ०.२० मिलिमीटर बाक होता, मॅन्युअलची मर्यादा ०.१० आहे. सप्टेंबरच्या बिलात हेड फेसिंगचे (हेड घासून सपाट करण्याचे) पैसे घेतलेले आहेत, म्हणजे तेव्हा हेड सपाट असणारच. दोन स्टड बाकीच्यांपेक्षा ३ मिलिमीटर वर उभे होते. ते काढले तर भोकाच्या तळाशी काळा गाळ घट्ट बसलेला निघाला.

इंजिन पाण्याअभावी तापलं, हे कारणही टिकत नाही. फॅन बेल्ट तुमच्याच बिलातला नवा होता. ३१ तासांना रेडिएटर काठोकाठ भरलेला असताना त्यात बुडबुडे दिसू लागले. माझ्या मुलाने त्याच दिवशी सेवा केंद्रात फोन केला. 'हवा निघतेय, चालू द्या', असं उत्तर मिळालं. फोनची नोंद सोबत जोडली आहे. आधी वायू पाण्यात शिरला, मग पाणी कमी झालं आणि त्यानंतर इंजिन तापलं. तुम्ही हा क्रम उलटा लावला आहे.

सगळ्यात जास्त मनाला लागली ती जॉबकार्डवरची एक खूण. 'हेड रिटॉर्क' (हेडचे नट पुन्हा मापाने आवळणे) या ओळीपुढे 'होय' अशी बरोबरची खूण केलेली आहे. पहिल्यांदा इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर हे काम करायचं असतं आणि त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) पुन्हा जुळवायचे असतात. १८ सप्टेंबरनंतर ट्रॅक्टर एकदाही तुमच्याकडे आला नाही, तुमचं कुणी माझ्याकडे आलं नाही. न केलेल्या कामापुढे केल्याची खूण करणं ही माझी फसवणूक आहे.

नुकसान केवळ गॅस्केटचं नाही. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी रान तयार करायचे तेच दिवस होते. वापसा कुणासाठी थांबत नाही. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर एकरी १,४०० रुपयांनी लावून ११ एकरांचं रोटाव्हेटर करून घेतलं, त्याला १५,४०० रुपये लागले. तरी चार एकरांची पेरणी ओल उडाल्यावर झाली आणि तिथली उगवण आज विरळ दिसते आहे.

माझी मागणी अशी : इंजिन पुन्हा उघडून हेड फेसिंग, नवं गॅस्केट, नवे स्टड आणि नट हे सगळं विनामूल्य करावं. पाणी ऑइलमध्ये गेलेलं आहे, त्यामुळे मेन आणि बिग एंड बेअरिंगं काढून तपासावीत आणि खराब असतील तर बदलावीत. लायनर ब्लॉकच्या वर किती उभे आहेत तेही मोजावं. भाड्याचे १५,४०० रुपये भरून द्यावेत. हेड बसवताना मी हजर असेन. ताज्या कॅलिब्रेशनचा रेंच वापरावा, आणि १४ नटांचे तिन्ही टप्प्यांचे आकडे जॉबकार्डवर लिहून त्यावर काम करणाऱ्याची सही असावी. रिटॉर्कसाठी माणूस माझ्या शेतावर पाठवावा.

याच सेवा केंद्रात यंदा ज्यांची इंजिनं उघडली गेली त्या सगळ्यांचे नट तपासून घ्यावेत, ही विनंती मी त्यांच्या वतीनेही करतो. त्यांच्यापैकी अनेकांना बुडबुड्यांचा अर्थ कळणार नाही. ऑइल पांढरं झालेलं दिसेपर्यंत ते ट्रॅक्टर चालवत राहतील आणि तोवर क्रँक खराब झालेला असेल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी अर्ज करेन. शेती हीच माझी उपजीविका आहे आणि ट्रॅक्टर मी त्यासाठीच वापरतो. बिल, जॉबकार्ड आणि तुमच्या पत्राची प्रत, गॅस्केटचे फोटो सोबत आहेत. मूळ गॅस्केट आणि ते दोन स्टड मी घरी जपून ठेवले आहेत. तुमचा अभियंता आला तर त्याच्यासमोर ठेवीन, पण ताब्यात देणार नाही.

आपला,
ट्रॅक्टरधारक ग्राहक
ता. औसा, जि. लातूर